युनियन-मालक संयुक्त अनुदान: या चुका टाळा

"भाऊ, कामगार-मालक संयुक्त शिबिराला सरकारी पैसा मिळतो म्हणे. फॉर्म कुठं भेटेल?" जळगाव एमआयडीसीतला एचआरवाला असो की भुसावळकडचा युनियन सेक्रेटरी, पहिला प्रश्न हाच. फॉर्म सगळ्यात शेवटी लागतो. त्याआधी मी विचारतो, की दोन्ही बाजू शेवटच्या कधी एकत्र बसल्या होत्या? तिथंच बहुतेकांची गाडी अडते.

पैसा आहे, हे खरं. केंद्राचं कामगार शिक्षण मंडळ १९५८ पासून आहे, मुख्यालय नागपूरला, आता त्याला दत्तोपंत ठेंगडींचं नाव आहे. संघटनांना शिबिरांसाठी अनुदान द्यायची त्याची पद्धत जुनी. राज्याचं कामगार कल्याण मंडळ वेगळं. ते १९५३ च्या कायद्याचं, आणि त्याच्या निधीत कामगार, मालक आणि सरकार तिघांची वर्गणी असते. दोन्हींची सरमिसळ करून अर्ज करणारे दरवर्षी भेटतात. त्यांना फक्त पत्ता बदलून द्यावा लागतो. खरी डोकेदुखी पुढची.

कागदावरची समिती

१०० किंवा जास्त कामगार असतील तर कार्य समिती, ही तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत. २० किंवा जास्त कामगारांच्या ठिकाणी तक्रार निवारण समिती हवी, तीही दोन्ही बाजूंच्या समान सदस्यांची. हे सगळ्यांना पाठ असतं. म्हणूनच समिती एका रात्रीत, ऑफिसच्या प्रिंटरवर तयार होते.

एका चटई कारखान्याचं सांगतो. पहिला हप्ता मिळाला, दुसऱ्याच्या आधी तपासणीला साहेब आले. इतिवृत्ताच्या वहीत वर्षभराच्या बैठका, सगळ्या सह्या एकाच निळ्या जेल पेनच्या. तेही चाललं असतं. पण एका बैठकीची तारीख होती आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची! साहेब धुळे जिल्ह्यातले. आखाजीला खान्देशात मुली माहेरी येतात, झोके बांधले जातात, आणि गावाकडचा कामगार त्या दिवशी मशीनवर सापडत नाही, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी वही मिटली आणि थेट शेडमध्ये जाऊन विणकाम मशीनवरच्या पोराला विचारलं, समितीत तुमचा माणूस कोण? तो म्हणाला, "कोन्ती कमिटी, साहेब?" कामगार प्रतिनिधी म्हणून ज्याचं नाव होतं तो निघाला स्टोअरचा सुपरवायझर, इतरांच्या ओव्हरटाइमवर सही करणारा.

दुसरा हप्ता थांबला, पहिल्याच्या वसुलीचं पत्र आलं. युनियन म्हणे कंपनीनं लिहिलं, कंपनी म्हणे कन्सल्टंटनं लिहिलं, आणि कन्सल्टंटचा फोन बंद. माझ्या मते दोष दोघांचा सारखा. शेठनं घाई केली आणि युनियनवाल्यांनी कोऱ्या पानावर सह्या दिल्या. अनुदान सहकार्यासाठी असतं, आणि इथं सहकार्य झालं ते फक्त खोटं लिहिण्यात.

मी काय करायला लावतो? पानांवर छापील आकडे असलेलं बांधीव रजिस्टर. लिहिणार कामगार बाजूचा माणूस, एचआर नाही. अक्षर वाईट असलं तरी चालेल. मतभेद खोडायचे नाहीत: "पंख्यांची मागणी, व्यवस्थापन सहमत नाही, पुढच्या बैठकीत दर मागवणार" अशी एक ओळ दहा "सर्वानुमते मंजूर"पेक्षा जास्त खरी वाटते. पहिल्या बैठकीला उत्पादकता वगैरे मोठा विषय घेऊच नका. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा शेडमधलं पिण्याचं पाणी हाच विषय पुरे. तीन महिन्यांतून एक तरी बैठक घ्या, आणि ती रात्रपाळीच्या लोकांना जमेल अशा वेळी.

पैसा एकाच खिशात

दुसरी चूक जास्त महागात पडते. अनुदान युनियनच्या चालू खात्यात येतं, त्यातून ऑफिसचं भाडं जातं, मग शिबिराला कंपनी उसने देते, मग हिशेब कोणालाच लागत नाही. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत एक कलम लोक वाचतच नाहीत: अनुदानाच्या रकमेवर बँकेत मिळालेलं व्याज सरकारजमा करायचं असतं. ते पुढच्या हप्त्यात वळतं करून चालत नाही. "एवढंसं व्याज, चहापाण्यात गेलं" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. वेगळं खातं उघडा, दोघांच्या सहीचं, एक सही युनियनची, एक कंपनीची. रोख देणं बंद. केळीच्या वखारीवरून आणलेल्या नाश्त्याचंही बिल घ्या. मी स्वतः प्रत्येक व्हाउचरच्या मागे कशासाठी आणि कोणी मागितलं ते पेन्सिलीनं लिहून ठेवतो, कारण ऑडिटच्या वेळी आठवण कामाला येत नाही.

अनुदान ज्यासाठी मिळालं त्यावरच खर्च झालं, असं लिहून देणाऱ्या उपयोगिता प्रमाणपत्राचा नमुना १२-अ असतो. ते द्यायला आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिने मिळतात, आणि लोक अकराव्यात जागे होतात.

बाकीचं, थोडक्यात

युनियनचं वार्षिक विवरणपत्र भरलेलं नसेल तर अर्जाचा विचारही करू नका.

कामगार कल्याण निधीची जून-डिसेंबरची कपात (सध्या कामगाराचे २५, मालकाचे ७५ रुपये) थकवून त्याच मंडळाच्या दारात जाणारे शेठ पाहिलेत. हिंमत लागते.

एकाच कार्यक्रमासाठी दोन सरकारी खात्यांकडून पैसे घेऊ नका. तसे घेतले नाहीत, असं लिहून द्यावं लागतं आणि ते पकडलं जातं.

व्हॉट्सअॅपवर फिरणारा तयार प्रस्ताव वापरू नका. जळगावच्या डाळ मिलच्या अर्जात "यंत्रमाग कामगार" राहिलेला असतो.

शिबिरात स्थानिक पुढाऱ्याला भाषणाला बोलवायचंच असेल तर स्वतःच्या खर्चानं बोलवा.

आणि ठेकेदाराच्या कामगारांना बाहेर ठेवून यादी करू नका. बऱ्याच शेडमध्ये निम्मे हात त्यांचेच असतात, यंत्राशी तेच उभे असतात, आणि सुरक्षेच्या शिबिराला मात्र कायमवाले बसवले जातात. यादी करताना ठेकेदाराचं हजेरीपत्रक सोबत घ्या, नावं तिथूनच उचला, आणि त्या दिवसाचा त्यांचा पगार कोण देणार ते आधीच लेखी घ्या.