विगन बाळाच्या आहारातील या चुका टाळा

विगन आहारावर, म्हणजे दूध-तुपासह कोणताही प्राणिज पदार्थ नसलेल्या आहारावर, बाळ नीट वाढते का, हा वाद माझ्या दवाखान्यात बहुधा दोन पिढ्या घालतात. आजी गाईच्या दुधासाठी अडून बसलेली असते आणि आई-वडील बदामाचे दूध घेऊन आलेले असतात. वाढते, असे माझे उत्तर आहे. मात्र ज्या बाळांची वाढ खुंटलेली मी पाहिली, त्यांच्या घरी दूध-तूप बंद करताना त्यांच्या जागी काय द्यायचे याचा हिशेब कोणीच केलेला नव्हता.

सर्वांत महाग पडणारी चूक आईच्या ताटात होते. आईच्याच शरीरात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी असेल, तर तिच्या दुधातही ते कमीच उतरते आणि जन्मतः तुटपुंजा असलेला बाळाचा साठा काही महिन्यांत संपतो. काही वर्षांपूर्वी दहा महिन्यांची एक मुलगी वजन वाढत नाही म्हणून माझ्याकडे आली. हिमोग्लोबिन कमी निघाले, मी लोहाचे थेंब लिहून दिले आणि आई काय खाते हे विचारलेच नाही. तीन आठवड्यांनी तिला पुन्हा आणले, तेव्हा आधी छान बसणारी ती मुलगी कलंडत होती, हाक मारली तरी पाहत नव्हती, केस विरळ आणि तांबूस झाले होते व बोटांच्या सांध्यांवर काळसर झाक आली होती. तिच्या आईने गरोदरपणाच्या आधीच दूध सोडले होते आणि गोळीऐवजी ती ‘नैसर्गिक’ म्हणून स्पिरुलिना या शेवाळाची पूड घेत होती. स्पिरुलिनात बी-१२ सारखे जे दिसते, ते बहुतांशी आपल्या शरीराच्या उपयोगाचे नसते. इंजेक्शने सुरू केल्यावर मुलगी आठवड्याभरात हसू लागली, पण मध्येच तिच्या हातांना कंप सुटला. उपचार सुरू झाल्यावर काही बाळांत असे होते आणि पुढे ते ओसरते, हे वडिलांना पटवताना माझी दमछाक झाली, कारण त्यांच्या मते इंजेक्शनच बाधले होते. बसणे परत यायला दोन महिने लागले आणि बोलणे उशिरा आले.

तेव्हापासून आईने बी-१२ची शेवटची गोळी कधी घेतली, ती तारीख मी बाळाच्या फाइलवर लाल शाईने लिहितो. गरोदरपणात सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लाल गोळीवर विसंबू नये. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते, बी-१२ नसते. आईला गोळी आणि बाळाला थेंब किती द्यायचे, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

दुसरी चूक म्हणजे वरणाचे पाणी. सहा महिने पूर्ण झाले की वाटीभर वरचे पाणी पाजायचे आणि खालची डाळ मोठ्यांनी खायची, ही रीत विगन नसलेल्या घरांतही आहे. पण तिथे निदान तुपाची धार पडते. सहा ते आठ महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे २०० कॅलरी हव्या असतात आणि त्याचे पोट एवढेसे असते, त्यामुळे ते पाण्याने भरले की डाळीला जागा उरत नाही. चमचा तिरका केला तरी घास ओघळू नये इतके घट्ट वरण-भात कालवावे आणि वर चमचाभर शेंगदाण्याचे तेल घालावे, असे मी सांगतो. नाचणीला मोड आणायला दोन दिवस लागतात, म्हणून तयार पाकिटाकडे वळणाऱ्या पालकांची घाई मला समजते, पण पटत नाही. मोड आल्याने लोह अंगी लागण्यात अडथळा आणणारे फायटेट कमी होते. शिजलेल्या डाळीवर लिंबू पिळायला तर दोन क्षणही लागत नाहीत.

बदाम, ओट किंवा तांदळाचे दूध एक वर्षाच्या आत आईच्या दुधाची जागा घेऊ शकत नाही. अंगावरचे दूध पुरत नसेल, तर डॉक्टरांना विचारून बाळांसाठीच बनवलेले सोया फॉर्म्युला द्यावे. घरात फक्त सैंधव वापरत असाल, तर आयोडीनयुक्त मीठ परत आणावे, कारण स्तनदा आईच्या आयोडीनवरच बाळाचे आयोडीन अवलंबून असते. अख्खे शेंगदाणे आणि बदाम घशात अडकतात, म्हणून त्यांचे कूट किंवा वाटून केलेले लोणीच द्यावे.

वजन दर महिन्याला, शक्यतो एकाच काट्यावर करून तक्त्यावर मांडावे. सलग दोन महिने रेषा आडवी गेली तर दाखवायला यावे. बाळ शिकलेली गोष्ट विसरू लागले, तर त्याच दिवशी यावे.