पाचितानच्या डोंगरात घर बघताना: आधी पाणी, मग कागद

फेब्रुवारीत जागा बघायला जाऊ नका. आम्ही गेलो होतो. यांची नोकरी इंडोनेशियात, जावा बेटावरच्या सोलो शहरातल्या कापड गिरणीत, मुलं आपापल्या मार्गाला लागलेली, आणि मला शहरातल्या घरात बसून कंटाळा आलेला. म्हणून सुट्टीच्या दिवशी वोनोगिरीवरून खाली, पाचितानच्या चुनखडीच्या डोंगरांत आम्ही घरं बघत हिंडायचो. फेब्रुवारीत तिथे सगळं हिरवंगार, परसात खळखळता ओढा, अंगणात नारळ, आणि किंमत ऐकून वाटलं की आपण शून्यं मोजायला चुकलो. ऑक्टोबरात पुन्हा गेलो तेव्हा ओढ्याच्या जागी पांढरे गोटे होते आणि अंगणात निळ्या कॅनांची रांग.

हा पट्टा गुनुंग सेवूचा, म्हणजे हजार डोंगरांचा. इथल्या चुनखडीत पाणी ठरत नाही, भेगांतून थेट जमिनीखालच्या प्रवाहांत उतरतं. वरच्या वाड्यांवर लोक छपराचं पाणी सिमेंटच्या टाकीत साठवतात आणि ते संपलं की टँकर मागवतात. त्यामुळे 'पाणी आहे का?' असं कधीच विचारू नका. उत्तर 'इंगिह' असं येईल. हा जावानीज भाषेतला अदबीचा होकार, पण त्याचा अर्थ बऱ्याचदा 'तुमचं म्हणणं कानावर पडलं' इतकाच असतो. विचारायचं ते असं: 'मागच्या उन्हाळ्यात किती टँकर घेतले?' तेही मालकाला नाही, शेजारच्या बाईला. पाच हजार लिटरचा टँकर आम्हा दोघांना जेमतेम महिनाभर जातो. टँकर दारापर्यंत येतो की खालच्या वळणावर थांबतो, हे स्वतः चालून बघा. आमच्या घराचं भाडं कमी का होतं, ते त्या वळणावरच कळलं.

आता जमीन विकत घेण्याबद्दल. इथली भाषा आपल्याला ओळखीची वाटते आणि तिथेच घात होतो. हाक म्हणजे हक्क, मिलिक म्हणजे मालकी, साक्सी म्हणजे साक्षीदार, वारिस म्हणजे वारस. मला तर पहिल्या दिवशी आपल्याच तलाठ्याच्या कचेरीत आल्यासारखं वाटलं. पण 'सेवा' म्हणजे सेवा नव्हे, भाडं. आणि परदेशी माणसाच्या वाट्याला खेड्यात येतं ते एवढंच.

1960 च्या जमीन कायद्यानुसार 'हाक मिलिक', म्हणजे पूर्ण मालकी, फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला मिळते. परदेशी माणसासाठी 'हाक पाकाई' हा वापराचा हक्क आहे. 2021 च्या नियमाप्रमाणे तो आधी 30 वर्षं, मग 20 ची मुदतवाढ आणि नूतनीकरणाची 30, असा 80 वर्षांपर्यंत जातो. ऐकायला छान. पण घरासाठी तो घ्यायचा तर प्रांतवार किमान किंमत ठरलेली आहे आणि ती अब्जावधी रुपियांत असते. डोंगरातलं लाकडी घर त्याच्या जवळपासही पोचत नाही. म्हणजे बालीत व्हिला घेणाऱ्यांसाठी जो मार्ग आहे, तो आपल्यासाठी नाही.

मग कुणीतरी हळूच सुचवतं, 'नाव दुसऱ्याचं, पैसे तुमचे.' आम्हालाही एका दलालाने हेच सांगितलं: सोलोतल्या तुमच्या ड्रायव्हरच्या नावावर घ्या, बाजूला वेगळा करार करू. यात दोन खड्डे आहेत. पहिला, त्याच कायद्याच्या 26 व्या कलमात आडमार्गाने परदेशी माणसाकडे मालकी देणारा व्यवहार रद्द ठरतो, जमीन सरकारकडे जाते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. दुसरा खड्डा दलालाला ठाऊक असूनही तो बोलला नाही. शेतजमीन घेणाऱ्याने त्याच तालुक्यात, म्हणजे 'कचामातान'मध्ये, किंवा लगतच्या तालुक्यात राहायला हवं, असा 1961 पासूनचा नियम आहे. सोलोचा ड्रायव्हर पाचितानचं शेत घेणार कसं? बिचाऱ्याला यातलं काही माहीतही नव्हतं. दलालाने त्याला नुसतं ओळखपत्राची झेरॉक्स आणायला सांगितलं होतं.

जोडीदार इंडोनेशियन असेल तर गोष्ट वेगळी. पण मालमत्ता वेगळी ठेवणारा करार नसेल, तर जमीन दोघांची सामाईक धरली जाते आणि जोडीदाराच्या मालकीवरही गंडांतर येतं. हा करार पूर्वी लग्नाआधीच करावा लागे. घटना न्यायालयाच्या 2015 च्या दाव्यावरील निकालानंतर तो लग्नानंतरही करता येतो. नोटरीकडे जाऊन हे काम आधी उरका, जमीन नंतर बघा.

तुम्ही भाड्यानेच घेणार असलात तरी मालकाचे कागद बघायचेच. सर्टिफिकेट असेल तर प्रश्न नाही. जिल्ह्याच्या भूमी कार्यालयात ते तपासून घेता येतं, आणि 'सेंतुह तानाहकू' नावाच्या सरकारी ॲपवर प्लॉटचा नकाशाही सापडतो. डोंगरात मात्र बहुतेक वेळा समोर येतो तो 'पेतोक' किंवा गावच्या 'लेतेर चे' वहीतला उतारा. तो मुळात करवसुलीचा कागद. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाही, हे आपल्याकडे जसं वकील पुन्हा पुन्हा सांगतात, तसंच इथे. हे जुने कागद पाच वर्षांत नोंदवून घ्या, असं 2021 च्या नियमाने बजावलं होतं आणि त्याची मुदत फेब्रुवारी 2026 ची. त्यानंतर असा कागद मालकीचा पुरावा उरत नाही, फार तर खूण म्हणून उपयोगी. वहीत नाव असतं ते कुठल्यातरी आजोबांचं. ते जाऊन तीस वर्षं झालेली, एक मुलगा सुमात्रात, एक मुलगी जकार्तात, आणि घरात राहणारा धाकटा म्हणतो 'सगळं माझंच आहे.' असेल. तरी सगळ्या वारसांच्या सह्या मागा.

आणखी एक विचारा: जमीन अंगणाची, कोरडवाहू की भातखाचराची? लोक घराच्या जमिनीला 'पिवळी' आणि शेतीच्या जमिनीला 'हिरवी' म्हणतात. हिरवीवर घर बांधायला परवानगी मिळणं कठीण. सागाच्या रांगा दिसल्या तर जास्तच सावध राहा. ते बहुधा सरकारी जंगल असतं. तिथे गावकऱ्याला कसण्याची मुभा असते, विकण्याची नाही.

इतकं सगळं झाल्यावर आम्ही भाडेकरारच केला, पाच वर्षांचा, नोटरीसमोर. मोजमाप 'रू'मध्ये सांगतात, एक रू म्हणजे सुमारे 14 चौरस मीटर, पण करारात चौरस मीटरच लिहून घ्या. नारळ कुणाचे, तेही लिहा. हसू नका, माझं पहिलं भांडण नारळावरूनच झालं. झाडं मालकाची, पडलेले नारळ आमचे, असं शेवटी ठरलं आणि तेव्हापासून नारळ पडायचेच बंद झाले. मालकाचा मुलगा पहाटेच चढून जायचा. पण खरं कामाचं वाक्य वेगळं: मालक वारले तरी करार वारसांवर बंधनकारक राहील. दुसऱ्याच वर्षी म्हातारबुवा गेले. तिसाव्या दिवशी थोरला मुलगा भाडं वाढवायला आला. मी चहा ठेवला आणि ते पान पुढे केलं. त्याने दोनदा वाचलं, चहा घेतला आणि गेला.

गुंतवणूक म्हणून विचाराल तर माझं मत वाईटच आहे. दक्षिण किनाऱ्याने नवा रस्ता झाला तसा समुद्राजवळचा भाव चढला, तिथे सर्फिंगवाले येतात. वर डोंगरात गिऱ्हाईक म्हणजे शेजारी, आणि शेजाऱ्याला लवंगेचं पीक आलं तरच. होमस्टे काढायचं स्वप्न असेल तर परदेशी कंपनीसाठी 10 अब्ज रुपियांहून मोठी गुंतवणूक दाखवावी लागते. मला ते झेपणारं नव्हतं.

राहण्याचं काय? आल्यावर 24 तासांच्या आत 'एर्ते'ला, म्हणजे आळीच्या मुख्याला, पासपोर्टची प्रत नेऊन द्या. गावाच्या वेशीवर तशी पाटीच असते. पाहुणे मुक्कामाला आले तरी तेच. सरपंचाला 'पाक लुराह' म्हणायचं, मला सगळे 'बू', म्हणजे बाई, म्हणतात. वीज मोबाईलच्या रिचार्जसारखी, वीस आकडी टोकन मीटरवर दाबायचं. संपत आली की मीटर टुकटुकतो, आणि ती संपते बरोबर रात्री. हिरवा तीन किलोचा गॅस गरिबांसाठी सवलतीचा आहे, तो आपण घेऊ नये. लोक बघतात. बाजार पाच दिवसांच्या आठवड्याने भरतो: लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. भिंतीवर दोन्ही वार छापलेलं कॅलेंडर लावा, नाहीतर माझ्यासारखं रिकाम्या बाजारात पिशवी घेऊन उभं राहाल.

पैशाचं अंदाजपत्रक करताना एक खातं आहेर-आमंत्रणांचं ठेवा. लग्न, सुंता, बारशाची जेवणं, प्रत्येक ठिकाणी पाकीट न्यावं लागतं आणि कुणी किती दिलं हे वहीत लिहिलं जातं. बायकांनी आदल्या दिवशी स्वयंपाकाला जायचं, त्याला 'रेवांग' म्हणतात. पहिल्यांदा मी फक्त पाकीट घेऊन दुपारी गेले. सगळ्यांनी हसून बसवलं, खाऊ घातलं, आणि पुढे महिनाभर मला कुणी कशालाच बोलावलं नाही. पुढच्या वेळी पहाटे पाच वाजता सुरी घेऊन हजर झाले. दहा किलो कांदा चिरला, तेव्हा कुठे शेजारणीने टँकरवाल्याचा खरा नंबर दिला. तोपर्यंत मी दीडपट भावाने पाणी घेत होते.

रात्री गस्तीची मुलं दारोदार फिरून 'जिंपितान' गोळा करतात, म्हणजे चिमूट-चिमूट तांदूळ. दाराच्या चौकटीला एक छोटा डबा टांगायचा आणि झोपण्यापूर्वी त्यात मूठभर टाकायचे. आमच्याकडे श्रीखंडाचा रिकामा डबा आहे, त्याला झाकण लावू नका. मी लावलं होतं, तर पोरांना वाटलं, बू आज घरी नाहीत.