गाडीचं कूलंट घरच्या अंगणात कसं बदलावं

गोव्यात थंडी कुठे पडते, मग कूलंट कशाला, असं अजूनही सर्रास ऐकू येतं. विहिरीचं पाणी ओतून चोर्ला किंवा अनमोड घाट चढायला निघणारेही आहेत. पाणी गोठण्याची भीती आपल्याकडे नाहीच. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात मिसळायचं रसायन, लागतं ते पाणी लवकर उकळू नये आणि इंजिन आतून गंजू नये म्हणून. जांभ्यातल्या विहिरींच्या पाण्यात बरेचदा लोह असतं, किनाऱ्यालगत खारटपणा. असं पाणी रेडिएटर आतून खातं. बाटलीबंद पाण्यातही क्षार असतात, तेव्हा डिस्टिल्ड वॉटरच आणा, आणि हात न आखडता आणा.

गाडी रात्रभर थंड होऊ द्या, सकाळी कामाला लागा. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नये. आत दाब असतो, उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं. गाडी सपाट जागी लावून हँडब्रेक ओढा. रेडिएटरच्या तळाशी पाणी सोडायचा छोटा नळ किंवा बोल्ट असेल तो सैल करा. नसेल तर खालच्या होज पाईपची क्लिप काढा. खाली रुंद टब हवाच. कूलंट चवीला गोडसर आणि विषारी असतं, कुत्र्या-मांजरांचा त्यात जीव जातो. त्यांना आत कोंडा. काढलेलं कूलंट गटारात किंवा विहिरीजवळ न ओतता कॅनमध्ये भरून, ते घेणाऱ्या गॅरेजला द्या. किती निघालं तेही मोजून ठेवा, पुढे हिशेबाला लागेल.

आता सैल केलेला नळ, बोल्ट किंवा पाईप परत घट्ट लावून डिस्टिल्ड वॉटर भरा आणि हीटर पूर्ण गरमवर करून इंजिन चालू करा. हीटर आपण कधी लावत नाही, म्हणून त्यातलं जुनं कूलंट हमखास राहून जातं. वरचा होज गरम झाला की थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, उघडला असं समजा. बहुतेक गाड्यांत तो 80 ते 90 अंशांच्या दरम्यान उघडतो. इंजिन बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या, पाणी काढा. स्वच्छ पाणी येईपर्यंत हेच पुन्हा. कंटाळवाणं आहे खरं, पण घाई इथेच नडते.

बहुतेकांची चूक होते ती यापुढे. कितीही काढलं तरी इंजिनात पाणी उरतंच. त्यात तयार मिसळलेलं कूलंट ओतलं तर ते पातळ होतं, म्हणून कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, घ्यावं. समजा, पुस्तिकेप्रमाणे गाडीत 5 लिटर मावतं आणि निघालं 3 लिटर. म्हणजे 2 लिटर पाणी आत आहे. निम्मं-निम्मं प्रमाण हवं तर आधी अडीच लिटर कॉन्सन्ट्रेट, मग अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटर. रंग पाहून कूलंट निवडू नका, पुस्तिकेत लिहिलेला प्रकारच घ्या.

होज दाबून पाहा. फुगलेला किंवा भेगाळलेला असेल तर याच वेळी बदला. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर झाकणही.

झाकण उघडं ठेवून इंजिन चालवा, म्हणजे अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघेल. काही गाड्यांत त्यासाठी वेगळा स्क्रू असतो. पंखा अचानक फिरतो, हात लांब ठेवा. बुडबुडे थांबले की पातळी भरून झाकण लावा.

पुढचे काही दिवस सकाळी कूलंटच्या टाकीतली पातळी बघत राहा. पहिल्यांदा थोडी उतरली तर भरा. रोज उतरतेय, जमिनीवर थेंब नाही आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसतेय, तर हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधलं सील, गेलं असण्याची शक्यता आहे. मग गाडी न चालवता मेकॅनिकला घरी बोलवा.