लोहगडाच्या तटबंदीचे ड्रोनने सर्वेक्षण कसे करावे

पुणे जिल्ह्यातील लोहगड केंद्र-संरक्षित स्मारक असून 2025 पासून जागतिक वारसा यादीत आहे; त्यामुळे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची लेखी परवानगी आधी घ्यावी आणि 'डिजिटल स्काय' या ड्रोन उड्डाणांसाठीच्या सरकारी ऑनलाइन नकाशावर तिथले हवाई क्षेत्र तपासावे. माथ्यासाठी सलग छायाचित्रांत सुमारे 80 टक्के भाग सामाईक राहील असे उड्डाण आखावे. तटबंदीला मात्र एवढे पुरत नाही: भिंतीचे उघडे सांधे, निखळलेले चिरे आणि त्यांत रुजलेली झाडे थेट वरून दिसत नाहीत, म्हणून कॅमेरा तिरपा ठेवून भिंतीला समांतर फेऱ्या घ्याव्यात. कड्यावर शिकारी पक्ष्यांची घरटी असतील, तर काम विणीनंतरच करावे. ही अट आम्ही सर्वांत महत्त्वाची मानतो. जमिनीवर अचूक मोजलेल्या खुणा प्रत्येक खेपेस त्याच ठेवाव्यात, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या आणि नंतरच्या छायाचित्रांपासून बनवलेल्या त्रिमितीय प्रतिकृतींतून झालेली पडझड मोजता येते.