सहाव्या महिन्यात लंडन: निघण्यापूर्वीची वैद्यकीय तयारी

गरोदरपणात सहा आठवडे बहिणीकडे लंडनला जाऊन यायचे ठरले की घरात पहिली चर्चा तिकिटाच्या दराची होते. खरे तर पहिला हिशेब आठवड्यांचा करावा. गुंतागुंत नसलेल्या गरोदरपणात प्रवासासाठी 14 ते 28 आठवड्यांचा काळ सर्वांत सोयीचा मानला जातो, पण मोजायचा तो परतीचा आठवडा. 23व्या आठवड्यात निघालेली स्त्री परतताना 29व्या आठवड्यात असते, आणि 28व्या आठवड्यानंतर बहुतेक विमान कंपन्या डॉक्टरांचे पत्र मागतात. 36 आठवड्यांच्या पुढे, जुळी असल्यास 32 च्या पुढे, त्या सहसा विमानात घेत नाहीत. पत्र किती दिवसांच्या आतले हवे, हे कंपनीगणिक बदलते, म्हणून तिकीट काढण्याआधीच विचारून घ्यावे आणि परतीचे पत्र तिकडे कोण देणार तेही ठरवावे.

त्यानंतर पैशांचा प्रश्न येतो, आणि तो सर्वांत जास्त टाळला जातो. पर्यटक व्हिसावर गेलेल्या भारतीय महिलेस ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयात गरोदरपणाशी संबंधित उपचार मोफत नसतात. ठरलेल्या दराच्या दीडपट आकारणी होते. पैसे नाहीत म्हणून प्रसूतिसेवा नाकारली किंवा लांबवली जात नाही, हे खरे. पण बिल मागाहून येतेच, आणि थकलेली रक्कम 500 पौंड किंवा अधिक असल्यास पुढच्या व्हिसावर परिणाम होऊ शकतो. आपल्याकडच्या अनेक प्रवास विमा पॉलिसी गरोदरपण वगळतात, त्यामुळे एजंटच्या ‘सगळं कव्हर आहे’ या आश्वासनावर न विसंबता तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: कितव्या आठवड्यापर्यंत संरक्षण आहे, अकाली प्रसूती त्यात येते का, आणि जन्मलेल्या बाळाचा अतिदक्षता विभागातील खर्च कोण देणार. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत पॉलिसी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

फाईल लावताना सोनोग्राफीच्या चित्रांपेक्षा अहवालातील मजकूर महत्त्वाचा असतो. माझ्या वहिनीच्या फाईलमध्ये चकचकीत चित्रे चौदा होती आणि रक्तगटाचा कागद मात्र घरच्या कपाटात राहिला होता. पहिल्या तिमाहीची व 18 ते 22 आठवड्यांतील सोनोग्राफी, रक्तगट, हिमोग्लोबिन, थायरॉइड, आधीच्या बाळंतपणाची हकीकत आणि अपेक्षित प्रसूतीची तारीख डॉक्टरांकडून इंग्रजीत, टाईप करून, एका पानावर घ्यावी. आकड्यांची एककेही वेगळी असतात: आपल्याकडे साखर 140 लिहिली जाते, तीच तिकडे 7.8, हिमोग्लोबिन 11 म्हणजे तिकडचे 110. साखरेची तपासणी साधारणपणे 24 ते 28 आठवड्यांत, म्हणजे नेमकी मुक्कामाच्या काळात येते. ती इथे लवकर करायची की तिथे पैसे भरून, हे डॉक्टरांना विचारावे.

आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अधिक दक्षता हवी. आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ नयेत म्हणूनचे अँटी-डी इंजेक्शन साधारण 28व्या आठवड्यात दिले जाते. शिवाय रक्तस्राव झाला किंवा पोटाला मार लागला तर ते शक्यतो 72 तासांच्या आत घ्यावे लागते. ते कोठे मिळेल, याचे उत्तर निघण्याआधी हाती असावे.

भारतीय डॉक्टरांची चिठ्ठी ब्रिटनमधील औषधदुकानात चालत नाही. त्यामुळे सहा आठवड्यांच्या गोळ्यांसोबत आणखी दोन आठवड्यांचा साठा मूळ पाकिटांत घ्यावा, आणि चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे.

पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी जवळच्या रुग्णालयाच्या प्रसूती विभागाचा फोन बहिणीच्या फ्रिजवर लावावा. तातडीचा क्रमांक 999, सल्ल्यासाठी 111. रक्तस्राव, पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, डोळ्यांपुढे अंधारी येऊन डोके ठणकणे, एकाच पोटरीला सूज येणे, यांपैकी काहीही झाल्यास मुंबईच्या डॉक्टरांना मेसेज करून उत्तराची वाट पाहू नये, आधी तिथला फोन लावावा.

विमानाचे फार नाही. मधल्या वाटेकडेची जागा, डॉक्टरांनी सांगितलेले घट्ट मोजे, पुरेसे पाणी, तासा-दोन तासांनी चार पावले, आणि सीटबेल्ट पोटाखाली, मांड्यांच्या वरच्या टोकाशी. फाईल मात्र सामानात न देता हातातल्या बॅगेतच ठेवावी.