यूजी, म्हणजे पदवीला असतानाच, रिसर्च सुरू करताय? मेंटॉर नक्की कोण ते आधी बघा

लॅब शोधताना सगळे प्रोफेसरचं नाव, पेपर्स, सायटेशन्स बघतात. बघा, पण रोज तुमच्या शेजारी उभं राहून शिकवणारा बहुतेक वेळा एखादा पीएचडीवाला किंवा पोस्टडॉक (पीएचडीनंतर रिसर्च करणारा) असतो आणि तुमचे पुढचे महिने कसे जाणार ते त्याच्यावर असतं. त्यामुळे त्या लॅबमधल्या जुन्या यूजी पोरांना आधी गाठा, प्रयोग फसला की सोबत कोण बसतं एवढंच विचारा.

मी जिथे अडकले ते म्हणजे दोन बॉस. काम पीसीआरचं, म्हणजे डीएनएच्या ठराविक तुकड्याच्या कॉपी काढायचं. सर मीटिंगमध्ये म्हणणार सगळी सॅम्पल्स रन कर, बेंचवर (प्रयोगाच्या टेबलावर) सीनियर म्हणणार छे, आधी प्रायमरचं (डीएनएचा छोटा तुकडा, कॉपी तिथून सुरू होते) टेम्परेचर नीट सेट होऊ दे, ग्रेडियंट लाव, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळ्या टेम्परेचरला करून बघ. तुम्ही सीनियरचं ऐकता, कारण दिवसभर त्याच्यासोबतच काढायचा असतो, आणि पुढच्या मीटिंगला सर विचारतात सॅम्पल्सचं काय झालं, तेव्हा सीनियर मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला. वाईट कुणीच नव्हतं हो, ते दोघं एकमेकांशी बोलतच नव्हते आणि मधे मी. यात बरोबर कोण हे ठरवायला तुम्ही जाऊच नका. मीटिंग झाली की त्याच दिवशी दोघांना एकत्र मेल टाका, काय ठरलं, मी काय करतेय, कुठे अडलंय. बेंचवर प्लॅन बदलला की त्याच मेलवर रिप्लाय. चुगली केल्यासारखं वाटतं, वाटू दे.

चांगला मेंटॉर ओळखायला सोपा असतो. तो 'समजलं ना?' विचारत नाही, 'आता काय करणारेस सांग बघू' म्हणतो. पी-२० पिपेटने (थेंबभर द्रव मोजून घ्यायचं साधन) अर्धा मायक्रोलिटर घ्यायला लागलात तर हात धरतो, तिची रेंज २ ते २०, म्हणून मास्टर मिक्स कर, सगळ्या ट्यूब्सचं सामायिक मिश्रण एकदमच बनव, असं कारणासकट सांगतो. निगेटिव्ह कंट्रोल (डीएनएऐवजी नुसतं पाणी घातलेली ट्यूब) राहू दे, वेळ वाचेल म्हणणाऱ्यापासून मात्र लांबच राहा, कितीही गोड बोलत असला तरी. निकाल बघायच्या जेलवर नुसत्या पाण्याच्या लेनमध्ये (रांगेत) बँड आला, म्हणजे डीएनएची पट्टी दिसली, तर बाकीच्या लेन्सवर भरवसा कसा ठेवणार?

पेपरवर नाव येणार का हे सुरुवातीलाच विचारा, लाजू नका. मेडिकल जर्नल्सच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या, आयसीएमजेईच्या, नियमांत तर नुसता डेटा गोळा करून भागत नाही, ड्राफ्टवर काम आणि जबाबदारीही लागते.

आणि नाहीच जमलं तर लॅब बदलता येते, करिअर बुडत नाही. फक्त गायब होऊ नका, सरांना समोर जाऊन सांगा, नोटबुक आणि फ्रीजरमधल्या ट्यूब्सची यादी देऊन निघा.