झाड काटक, पण मूळ नाही

पानगळ संपत आली आहे आणि जमिनीत अजून थोडी ऊब आहे. थंड हवेची पानगळी झाडं उघड्या मुळांनी, म्हणजे मुळांभोवती माती नसताना, लावायला हेच दिवस. एकदा जमीन गोठली की कुदळ चालत नाही, मग थंडी ओसरेपर्यंत हात बांधून बसावं लागतं. बाकीची कामं थोडी मागे पडली तरी चालतील.

पण याच घाईत बागा जातात. रोपं येतात, बांधावर उतरवली जातात, आणि मग खड्डे खणायला सुरुवात होते! तोवर मुळं वाऱ्यावर. ऊन नसलं तरी कोरडा वारा पुरतो. केसासारखी तंतुमुळं काही मिनिटांत वाळतात, आणि पाणी ओढण्याचं काम तीच करतात. झाड तेव्हा मरत नाही, हीच अडचण. खोडातल्या साठ्यावर ते वसंतात छान फुटतं आणि पहिल्या कडक उन्हात मान टाकतं. मग दोष रोपवाटिकेला, जमिनीला, नशिबाला. बांधावरचा तो तास कुणाला आठवत नाही.

काटकपणा खोडाचा असतो. सफरचंदाचं हिवाळी झोपेतलं खोड उणे 20 अंश सोसतं, पण त्याचंच उघडं मूळ त्याहून कितीतरी कमी थंडीत जातं.

रोप घेताना एक मूळ नखाने खरवडा. आत पांढरं, ओलसर दिसलं तर घ्या. तपकिरी, कोरडं असेल तर फुकटही नको. उंच रोपाच्या मोहात पडू नका, भरपूर मुळांचं वर्षाचं रोप बहुधा पुढे जातं. वसंतात उशिरा हिम पडत असेल तर जर्दाळू आणि बदाम टाळा, ती लवकर फुलतात.

लावणी:
– खड्डे आधी तयार
– मुळं 1 ते 2 तास पाण्यात
– कलमाचा जोड मातीच्या वर 10 सेंमी
– माती पायाने दाबा, लगेच पाणी
– आच्छादन 5 ते 8 सेंमी, बुंध्याला न टेकवता
– छाटणीच्या जखमांवर बोर्डो पेस्ट (बुरशी रोखणारा लेप): मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर

मूळ फुटायची औषधं, मुळांना मदत करणाऱ्या बुरशीची पावडर, पाणी धरणारे दाणे दुकानदार गळ्यात मारेल. वाळलेल्या मुळाला यातलं काहीही जिवंत करत नाही. मी मुळं चिकणमातीच्या पातळ काल्यात बुडवतो. शिफारशीच्या कागदावर शोधलं नाही, पण लेप बसला की वारा लागत नाही एवढं दिसतं.

कंदांचं उलटं. त्यांचं पाणी त्यांच्या पोटात असतं, कोरड्याला ते भीत नाहीत. साचलेल्या पाण्यात मात्र कुजतात. दाबून बघा, मऊ लागला तर फेका. कंदाच्या उंचीच्या दोन-तीन पट खोल लावा, टोक वर. नर्गिस आधीच लागायला हवी होती, राहिली असेल तर आजच लावा. ट्युलिप उशिरा लावलेलीच बरी, गार जमिनीत रोग कमी लागतो. तिला फुलायला 12 ते 16 आठवडे थंडी मात्र हवी.

म्हणजे कंदांची पिशवी आठवडाभर राहिली तरी चालेल. रोपं घडीभरही उघडी नकोत. लावणी उरली तर सावलीत चर काढा, रोपं तिरपी मांडा, मुळं ओल्या मातीने पूर्ण झाका. आणि लावताना ओल्या गोणपाटातून एका वेळी एकच रोप बाहेर काढा.